चित्रात नसलेला बेसवाला

२४ ऑक्टोबर १९८६ रोजी कॅलिफोर्नियातल्या एनिग्मा रेकॉर्ड्सनं स्ट्रायपर या बँडचा ‘टू हेल विथ द डेव्हिल’ हा अल्बम बाजारात आणला. मुखपृष्ठावर चार पंखवाले तरुण सैतानाला आगीच्या खाईत भिरकावताना दाखवले होते. चौघेही असे, की पाहणाऱ्याला ते बँडमधलेच वाटावेत. ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानदारांना हे चित्र झेपलं नाही. कंपनीनं लवकरच नवं मुखपृष्ठ छापलं: सगळं काळं, वर बँडचं नाव. मूळ चित्राची प्रत आज संग्राहकांच्या बाजारात मिरवते आणि ते चित्र योग्य होतं की नव्हतं यावर चाहते अजून भांडतात. मला त्या भांडणात रस नाही. माझं लक्ष आहे चौथ्या माणसावर. अल्बमच्या प्रसिद्धीच्या फोटोंत बेस गिटार घेऊन उभा आहे टिम गेन्स, आणि अल्बममध्ये जो बेस ऐकू येतो तो त्यानं वाजवलेला नाही. तो वाजवलाय ब्रॅड कॉब नावाच्या माणसानं.

पवईत राहणाऱ्याला असल्या गोष्टींचा नाद लागावा यात नवल नाही. डिसेंबरात इथे आयआयटीच्या ओपन एअर थिएटरात मूड इंडिगो महोत्सवाच्या गिटारी तापतात आणि त्याच दिवसांत होली ट्रिनिटी चर्चकडे नाताळच्या गाण्यांची लगबग असते. दोन्हीकडे गिटार आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, मुंबईतल्या कॅथलिक मिस्सेत गिटार हळूहळू रुळली आणि आता तिचं कुणाला काही वाटत नाही. पण त्याच गिटारीचा आवाज फाटका केला, ढोल दुप्पट केले, केस वाढवले, की भक्ती कुठे संपते? या एका प्रश्नापायी मी ख्रिस्ती हार्ड रॉकच्या कॅसेट, सीडी आणि त्यांच्या पुनर्मुद्रित, ‘रिमास्टर’ केलेल्या आवृत्त्या जमवत गेलो. पेट्रा, व्हाइटक्रॉस, स्वीडनचा जेरुसलेम असे पुष्कळ बँड त्यात आले. पण फिरून फिरून मी येतो तो स्ट्रायपरच्या याच अल्बमपाशी.

बँडची कुळकथा थोडक्यात. मायकल आणि रॉबर्ट स्वीट हे भाऊ, सोबत गिटारवादक ऑझ फॉक्स. आधीचं नाव रॉक्स रेजीम. १९८४ मध्ये पहिली छोटी तबकडी, १९८५ मध्ये ‘सोल्जर्स अंडर कमांड’. पिवळे-काळे पट्टे अंगावर, वाद्यांवर, सगळीकडे. नावाखाली यशया ५३:५ हा संदर्भ. रॉबर्ट ड्रम आडवे मांडून बसायचा, म्हणजे लोकांना तो बाजूनं पूर्ण दिसावा; श्रेयनामावलीत स्वतःला ‘दृश्य ताल राखणारा’ अशा अर्थाची पदवी लावायचा. कार्यक्रमात हे लोक प्रेक्षकांत नव्या कराराच्या प्रती फेकत. १९८६ च्या अल्बमनं या मंडळींना चर्चच्या तळघरातून एमटीव्हीवर नेलं. ‘कॉलिंग ऑन यू’ आणि ‘फ्री’ तिथे प्रेक्षकांच्या मागणीवर गाजली, ‘ऑनेस्टली’ हे पियानोवरचं गाणं बिलबोर्डच्या यादीत २३ व्या क्रमांकापर्यंत चढलं आणि अल्बम अमेरिकेत दहा लाखांच्या वर खपून प्लॅटिनम ठरला. ख्रिस्ती मेटलच्या वाट्याला तोवर असं भाग्य आलं नव्हतं.

काळही बघायला हवा. १९ सप्टेंबर १९८५ ला अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे रॉकच्या गाण्यांतल्या मजकुरावर सुनावणी झाली. फ्रँक झॅपा, जॉन डेन्व्हर आणि डी स्नायडर तिथे साक्षीला उभे राहिले. मेटल म्हणजे सैतानाची भरती, असं सभ्य घरांत खरोखर मानलं जात होतं. अशा वेळी सैतानालाच नरकात धाडणारा मेटल बँड निघाला, तर सभ्य घरांनी आनंदानं उडी मारायला हवी होती. झालं उलटंच.

सर्वांत मोठा आवाज उठला तो जिमी स्वॅगर्टचा. लुईझियानातल्या बॅटन रूजचा हा दूरचित्रवाणीवरचा प्रवचनकार तेव्हा लाखो घरांत पोचत होता. १९८७ मध्ये त्यानं धार्मिक रॉकवर आख्खं पुस्तक काढलं. मेंढीच्या कातड्यातला लांडगा, अशी त्याच्या नावातच संभावना होती. आता गंमत बघा. स्वीट भावांचं कुटुंब १९७० च्या दशकात ख्रिस्ती श्रद्धेकडे वळलं, ते स्वॅगर्टचाच कार्यक्रम टीव्हीवर बघून. मायकलनं हे पुढे वारंवार सांगितलंय. म्हणजे ज्याच्या शब्दानं गुडघे टेकले, त्यानंच पुढे भर बाजारात झिडकारलं.

आणि स्वॅगर्ट तरी कोण? रॉक अँड रोलचा धगधगता पियानोवादक जेरी ली लुईस याचा मावसभाऊ. दोघे लुईझियानातल्या फेरिडे या एकाच गावचे आणि लहानपणी पियानोला भिडले तेही बरोबरीनं. लुईसनं १९५७ मध्ये ‘ग्रेट बॉल्स ऑफ फायर’ ठोकलं, स्वॅगर्टनं त्याच घराण्याच्या हातानं भक्तिगीतांच्या तबकड्या भरल्या. दोघांचा डावा हात ऐका. कुठला देवाचा आणि कुठला दुसऱ्याचा, हे मला तरी सांगता येत नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये स्वॅगर्टला स्वतःच्या पापाची कबुली रडत रडत कॅमेऱ्यापुढे द्यावी लागली, तेव्हा रॉकवाल्यांनी टाळ्या पिटल्या. मला तो भाग क्षुल्लक वाटतो. महत्त्वाचं हे, की ज्याला सुरातलं पाप सर्वांत जास्त ऐकू येत होतं, तो स्वतः त्याच सुराच्या घरात वाढला होता.

मराठी वाचकाला हे भांडण परकं वाटू नये. आपल्याकडे ते शंभर वर्षं आधी निराळ्या वेषात उभं राहिलं. अमेरिकन मराठी मिशननं नगरला बस्तान बसवलं, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केलं, पण उपासनेतली गाणी पुष्कळशी इंग्रजी चालींवर बेतलेली आणि भाषांतरित होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. साज तोच, कथा येशूची. मग आले कवी ना. वा. टिळक. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत, आणि त्यांनी अभंगाला, ओवीला ख्रिस्ताच्या दारात मानानं बसवलं. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हा माणूस वेगळा सांगायला नको.

टिळक आणि स्ट्रायपर यांना एका ओळीत बसवलं म्हणून कुणी रागावेल. फरक मलाही दिसतो. टिळकांनी लोकांच्या ओठांवरचं घेतलं, स्ट्रायपरनं बाजारात खपतं ते घेतलं. टिळकांची रचना वाद्याविना, नुसती वाचूनही उभी राहते. स्ट्रायपरचे शब्द कागदावर उतरवले तर रविवारच्या शाळेतल्या फळ्यासारखे दिसतात. या अल्बमला तारतं ते त्याचं कसब: मायकलचा तारसप्तकात न चिरणारा गळा, त्याच्या आणि फॉक्सच्या गिटारींनी हातात हात घालून घेतलेल्या जोड-ताना, एकावर एक चढवलेले कोरसचे थर. प्रवचन जुनं होतं, कसब होत नाही. म्हणून तर चाळीस वर्षांनी कुणाला ही तबकडी नव्यानं घासूनपुसून ऐकावीशी वाटते.

आणि कसब म्हटलं की परत कॉब.

१९८६ मध्ये अल्बमचं काम चालू असताना गेन्स बँडबाहेर गेला. मधल्या काळात मॅट ह्यूरिच नावाचा एक बेसवादक जेमतेम येऊन गेला. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणात कॉबनं बेस वाजवला, आणि अल्बम बाहेर पडायच्या आत गेन्स परतला. फोटो त्याचा, दौरे त्याचे. १९८८ च्या ‘इन गॉड वी ट्रस्ट’ मध्ये पुन्हा तेच: बेसवर कॉब. म्हणजे बँडच्या भरभराटीच्या दोन्ही अल्बमचा पाया ज्यानं घातला, तो त्यांच्या चौकडीत कधीच नव्हता. ‘कॉलिंग ऑन यू’ नीट ऐका. बेस कुठेही मिरवत नाही. पायाच्या ढोलाला धरून सरळ चालतो, कोरस आला की खालून जागा करून देतो. बोलावलेल्या कारागिराचं काम कसं असावं, याचा हा नमुना आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी हा बेस ऐकलाच नव्हता. बेस गिटारीची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. टू-इन-वनच्या वीतभर स्पीकरला शंभर हर्ट्झच्या खालचं धड पेलत नाही. कानाला पोचत होते ते फक्त वरचे उपस्वर. मूळ स्वर मेंदू अंदाजानं भरून काढत होता. त्यात कॉपीची कॉपी केलेली कॅसेट असली, तर कॉब संपलाच.

मग रिमास्टरनं तो परत येतो का? इथे विक्रेते बरीच धूळफेक करतात. ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाद्य पट्टीच्या वेगळ्या रकान्यात असतं. मिक्सिंगमध्ये ते सगळं डाव्या-उजव्या दोन रकान्यांत ओततात. मास्टरिंग ही त्यानंतरची पायरी, आणि रिमास्टर म्हणजे त्या दोन रकान्यांवरच पुन्हा हात फिरवणं. खालचे स्वर उचलले तर बेसबरोबर ढोलही उचलला जातो. एकटा बेस वर काढायचा, तर मूळ बहुरकानी पट्टी हवी. त्याला रिमिक्स म्हणतात. अलीकडे संगणक तयार मिश्रणातूनही वाद्यं वेगळी करतो, पण कडा खरवडल्यासारख्या राहतात.

दुसरी खोड आवाज चढवण्याची. १९८० च्या दशकातल्या सीडीत हळू आणि मोठ्या आवाजात अंतर राखलेलं असे. १९९० नंतर सगळं दाबून सारख्या उंचीला आणायची शर्यत लागली. अनेक रिमास्टर म्हणजे तेच मिश्रण, फक्त मोठ्यानं. पहिल्या मिनिटाला छाती भरते, तिसऱ्या गाण्याला कान दुखतात. माझ्या मते जुन्या हार्ड रॉकचं चांगलं रिमास्टर तेच, जे ऐकताना आपल्याला आवाज वाढवावासा वाटतो.

स्ट्रायपरनं स्वतः वेगळाच मार्ग काढला. जुन्या मूळ मुद्रणांची मालकी त्यांच्याकडे नव्हती. टेलर स्विफ्टनं २०२१ पासून जे गाजावाजा करून केलं, ते यांनी २०१३ मध्ये करून ठेवलं होतं. ‘सेकंड कमिंग’ या अल्बममध्ये पहिल्या तीन तबकड्यांतली १४ गाणी नव्यानं वाजवून मुद्रित केली, दोन नवी जोडली. ‘कॉलिंग ऑन यू’ आणि ‘फ्री’ त्यात आहेत, आणि बेसवर आहे टिम गेन्स. फोटोंत ज्याला श्रेय मिळालं, त्यानं २७ वर्षांनी ते काम मुद्रणात करून दाखवलं. २०१६ मध्ये अल्बमच्या तिशीनिमित्त दौरा काढला, सगळी गाणी ओळीनं वाजवली. तेव्हाही तोच होता. पुढच्याच वर्षी तो बँडबाहेर पडला आणि पेरी रिचर्डसन आला. नवं मुद्रण स्वच्छ आहे, वजनदार आहे. तरी दोन्ही पाठोपाठ लावली तर मला १९८६ चंच बरं वाटतं. गेन्स कमी पडला म्हणून नव्हे. मूळ गाण्यातला तोल ठरवताना समोर जो बेस होता, तो कॉबचा होता. तो काढला की बाकीचे थर किंचित सैल पडतात.

ही तिकडची गोष्ट. इकडे काय? १९८६ मध्येच धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला. १९८८ मध्ये महेश तिनईकर ज्यात गिटार वाजवत, त्या रॉक मशीनचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आला. मुंबईचा सुरेल हार्ड रॉक कसा होता हे त्यात ऐकू येतं. पण अल्बमपर्यंत न पोचलेलं कितीतरी वाजत होतं: महाविद्यालयीन बँड, वांद्र्यापासून मुलुंडपर्यंतच्या चर्चमधली युवक पथकं, नगरकडची ख्रिस्ती भजनी मंडळं. त्यांची मुद्रणं कपाटांतल्या कॅसेटवर आहेत, आणि मुंबईच्या पावसाळ्यात चुंबकीय पट्टीला बुरशी धरते, तिचा लेप सुटतो.

म्हणून एक विनंती. अशी कॅसेट घरी असेल तर ती आधी उजेडात धरून पाहा. पट्टीवर पांढरे ठिपके दिसले तर यंत्रात घालू नका, जाणकाराकडे द्या. धड असेल तर यंत्राचं हेड पुसून घ्या आणि एकदाच, चांगल्या प्रतीत, २४ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये उतरवा. दोन प्रती दोन घरांत ठेवा. आवाज साफ करायची घाई नको. ते पुढे कुणीही करेल. पण त्या दिवशी कोण गायलं, तबल्यावर कोण होतं, आयत्या वेळी बेस धरायला कोण धावून आलं, हे आता विचारून लिहून ठेवा. खरखर पुढे काढता येते. नाव कुठल्याही रिमास्टरमध्ये परत येत नाही.