अंशतः अद्ययावतीकरण आणि प्रणालीचा बिघाड

संगणकावर एक आज्ञावली नवी बसवावी आणि जिला कोणी स्पर्शही केला नव्हता अशी दुसरीच बंद पडावी, हा अनुभव आर्च लिनक्ससारख्या अखंड वितरणाच्या प्रणालीवर काम करणाऱ्यांस पुष्कळदा येतो. अशा वेळी दोन्ही आज्ञावल्या स्वतंत्रपणे निर्दोष असू शकतात. बिघडलेला असतो तो त्यांचा परस्परांशी असलेला मेळ. या मेळाचे स्वरूप काय व तो कसा राखावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हिंगोलीकडील वाचकांस याचे एक परिचित उदाहरण देता येईल. पूर्णा-हिंगोली-अकोला हा लोहमार्ग पूर्वी मीटरमापी होता. अकोल्याहून पुढे खांडव्याकडे जाणारा मार्गही तसाच होता. २००८ साली पूर्णा-अकोला मार्ग रुंदमापी झाला. रुळांतील अंतर १००० मिलिमीटरांचे १६७६ झाले. अकोला-खांडवा मार्ग मात्र त्यानंतरही काही वर्षे मीटरमापीच राहिला. दोन्ही मार्ग आपापल्या जागी चांगले होते. परंतु एकावरील डबा दुसऱ्यावर जाईना.

संगणकात रुळांच्या मापाचे काम सामायिक लायब्ऱ्या करतात. अनेक आज्ञावल्यांना लागणारी कार्ये एकाच धारिकेत ठेवलेली असतात व त्या धारिकेच्या नावात एक क्रमांक असतो. आज्ञावली बांधली जाते तेव्हा तो क्रमांक तिच्यात नोंदविला जातो. ती सुरू होताना नेमक्या त्याच क्रमांकाची धारिका शोधली जाते. ती न सापडल्यास आज्ञावली सुरूच होत नाही. मराठी शब्दांची वर्णक्रमानुसार मांडणी करण्यास उपयोगी पडणारी ‘आयसीयू’ ही युनिकोड-विषयक लायब्ररी घ्या. तिच्या साधारणतः वर्षातून दोन मुख्य आवृत्त्या निघतात. ७४ वी ऑक्टोबर २०२३ मध्ये, तर ७५ वी एप्रिल २०२४ मध्ये निघाली. केवळ ही लायब्ररी नवी केली, तर ७४ मागणाऱ्या सर्व जुन्या आज्ञावल्या अडतात. उलट, केवळ एखादी आज्ञावली नवी आणली, तर ती ७५ मागते व अडते.

आर्चचे भांडार कोणत्याही क्षणी एकाच मेळाचे असते. त्यातील संच त्या क्षणीच्या लायब्ऱ्यांवर बांधलेले असतात. म्हणूनच भांडाराची सूची ताजी करून एखादाच संच बसविणे, यास आर्चचे व्यवस्थापक मान्यता देत नाहीत. डेबियनची पद्धती निराळी आहे. तेथे लायब्ररीच्या संचाच्या नावातच क्रमांक असतो. त्यामुळे जुनी व नवी लायब्ररी बहुधा शेजारी नांदू शकतात, आणि किमान कोणती आवृत्ती हवी हेही नोंदलेले असते. या सुरक्षिततेची किंमत अधिक नोंदी व अधिक श्रम यांच्या रूपाने द्यावी लागते. आर्चने साधेपणा पत्करून ती जबाबदारी वापरणाऱ्यावर सोपविली आहे.

मग जाणते लोकही अंशतः अद्ययावतीकरण का करतात? कारण बहुधा आर्थिक असते. साखऱ्यासारख्या गावी मोबाईलच्या दैनिक मर्यादेत काम भागविणाऱ्या विद्यार्थ्यास एक लहान संच हवा असताना शेकडो मेगाबाइट उतरवून घेणे परवडत नाही. त्याने सूची ताजी न करता जुन्या सूचीवरूनच संच मागवावा, मेळ टिकतो. तो संच भांडारातून गेला असल्यास आर्चच्या दिनांकवार संग्रहातून त्या दिवसाची स्थिती मिळू शकते. संपूर्ण अद्ययावतीकरण करावयाचे झाल्यास संग्रहातील एक दिनांक निश्चित करावा, संच दोन-तीन रात्रींत विभागून उतरवावेत, परंतु बसवावेत एकदमच.

बिघाड झाल्यावर जुन्या नावाचा दुवा नव्या धारिकेकडे वळविण्याचा मोह होतो. तो टाळावा. नाव जुळले तरी आतील रचना जुळेलच असे नाही. आज्ञावली सुरू होऊन चुकीचे उत्तर देऊ लागली, तर ते न सुरू होण्यापेक्षा घातक ठरते. योग्य उपाय एकच: अद्ययावतीकरण पूर्ण करणे. संच बसविणारा पॅकमन स्वतःही लायब्ऱ्यांवर अवलंबून असल्याने कधी तोच अडतो. अशा वेळी प्रतिष्ठापनेच्या यूएसबीवरून यंत्र सुरू करून हे काम उरकावे लागते.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. स्वतः बांधलेल्या आज्ञावल्या आणि पायथनचे स्वतंत्र परिसर भांडाराच्या मेळात येत नाहीत. संपूर्ण अद्ययावतीकरणानंतरही ते पुन्हा बांधावे लागतात. प्रबंधाची आकडेमोड ज्या यंत्रावर चालू आहे, त्यावर प्रबंध सादर होईपर्यंत डेबियनसारखी स्थिर आवृत्ती असणे, हेच विभागातील विद्यार्थ्यांच्या हिताचे होय.