साखर गेली, गोडवा राहिला

पिनर, हॅच एंड, हॅरो या पट्ट्यातल्या मराठी घरांत दिवाळी जवळ आली की एक प्रश्न हमखास निघतो : “काकू, शंकरपाळ्यांत साखरेऐवजी स्प्लेंडा घातलं तर चालेल का?” विचारणाऱ्याच्या घरात बहुधा कुणाला तरी ‘शुगर’ असते. हॅरोला लागून असलेल्या ब्रेंटमधल्या आणि साउथॉलमधल्या मध्यमवयीन लोकांची नोंद १९८८ पासून करून ‘सेबर’ अभ्यासाने वीस वर्षं त्यांचा माग ठेवला. ऐंशीव्या वर्षापर्यंत दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेहाचं प्रमाण गोऱ्यांच्या निदान दुप्पट निघालं.

स्प्लेंडातला गोड पदार्थ सुक्रालोज, आणि त्याच्या शोधात एक मराठी आडनाव आहे. १९७६ साली लंडनच्या केन्सिंग्टन भागातल्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्रा. लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस काम करत होते. साखरेच्या रेणूतले काही गट काढून तिथे क्लोरीन बसवण्याचे प्रयोग चालले होते, सोबत टेट अँड लाइल ही साखर कंपनी होती. एक पदार्थ ‘टेस्ट’ करा, म्हणजे तपासा, असं सांगितलेलं फडणीसांनी ‘टेस्ट’, म्हणजे चव घ्या, असं ऐकलं आणि तो जिभेवर ठेवला, अशी कथा सांगतात. तो साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड निघाला.

त्याच कॉलेजात १९७१ पर्यंत जॉन युडकिन पोषणशास्त्राचे प्राध्यापक होते. १९७२ मधल्या ‘प्युअर, व्हाइट अँड डेडली’ या पुस्तकात त्यांनी हृदयविकारासाठी साखरेकडे बोट दाखवलं आणि त्यांची हेटाळणी झाली. अमेरिकेतल्या साखर उद्योगाने साठच्या दशकात हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन दोष चरबीकडे वळवणारा लेख लिहवून घेतला होता, हे कागदपत्रांतून २०१६ मध्ये उघड झालं. युडकिन १९९५ मध्येच वारले होते.

साखरेवर संशय आला तरी गोड विकणाऱ्याचं दुकान बंद पडत नाही, हे मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. २०१० मध्ये टेट अँड लाइलने आपला साखरेचा व्यवसाय विकून टाकला, सुक्रालोज मात्र हातात ठेवलं. अमेरिकेत ‘साखरेपासून बनलेलं’ अशी स्प्लेंडाची जाहिरात झाली, तेव्हा प्रतिस्पर्धी कंपनी न्यायालयात गेली. २००७ मध्ये तडजोड झाली.

ब्रिटनने ६ एप्रिल २०१८ पासून साखरयुक्त शीतपेयांवर कर लावला : १०० मिलीलिटरमध्ये ५ ग्रॅम किंवा जास्त साखर असेल तर लिटरमागे तेव्हा १८ पेन्स, ८ ग्रॅम किंवा जास्त असेल तर २४ पेन्स. कंपन्यांनी आधीच कृती बदलल्या. २०१५ ते २०२० या काळात या पेयांतली साखर सरासरी ४६ टक्क्यांनी घटली, आणि हे यश खरं आहे. पण अनेक बाटल्यांत साखरेच्या जागी अॅस्पार्टेम, सुक्रालोज, अॅसिसल्फेम-के आले. मुलांची जीभ तेवढ्याच गोडाला सरावलेली राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना ही शिफारस लागू नाही. पुरावा पक्का नसल्याने ती सशर्तच आहे.

आता शंकरपाळ्या. जर्मनीच्या बीएफआर या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये इशारा दिला की सुक्रालोज १२० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं तर क्लोरीनयुक्त घातक संयुगं तयार होऊ शकतात. संशोधन पूर्ण होईपर्यंत ते शिजवून झाल्यावरच घालावं, असा तिचा सल्ला आहे. तळणीचं तेल १२० अंशांच्या बरंच वर असतं. तेव्हा काकूंनी ‘नको’च म्हणावं.

मग गूळ? ‘नैसर्गिक’, ‘ऑरगॅनिक’ अशी पाकिटं इथल्या देशी दुकानांत दिसतात, आणि आपली फसगत इथेच जास्त होते. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. प्रौढ माणसासाठी ब्रिटनमध्ये दिवसाला ३० ग्रॅम मुक्त साखरेची मर्यादा सुचवली आहे. त्यात गूळ, मध आणि फळांचा रसही मोजायचा.

करंजीच्या सारणात साखर कमी घाला, करंज्या लहान करा, ताटात कमी वाढा. विकतची मिठाई घेताना वेष्टन वाचा : १०० ग्रॅममध्ये २२.५ ग्रॅमहून जास्त साखर असेल तर ब्रिटिश लेबलांच्या हिशेबाने तो लाल दिवा. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या, आधीपासून मधुमेह, हृदयविकार यांसारखा आजार नसलेल्या लोकांना एनएचएसची आरोग्य तपासणी दर पाच वर्षांनी मोफत मिळते. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांनी पंचविशीपासूनच मधुमेहाचा धोका तपासून घ्यावा, असं ‘नाइस’ ही संस्था सांगते. फराळाची यादी करताना जीपीकडे फोन करून तपासणीची वेळही ठरवून घ्या.