ठशांच्या कापडाची गवसणी

राजूरच्या गणपतीसमोर भजनात साथ करणारा पखवाज असो की घरातला तानपुरा, ऊन, धूळ आणि धक्क्यांपासून वाद्याला जपते ती गवसणी. ठशांनी छापलेले सुती कापड तिच्यासाठी उत्तम.

• ठसा : सागवान किंवा शिसवाच्या लाकडात कोरतात. नक्षीतल्या प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. मोठ्या ठशांना हवा निघून जाण्यासाठी आरपार भोके पाडतात.

• रंग : कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. लोखंड आणि गूळ आंबवून काळा रंग मिळतो. तुरटीने छापलेला भाग मंजिष्ठेच्या उकळत्या पाण्यात लाल होतो. निळाईसाठी नीळ.

• कुठले कापड? : मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातले बाघ, राजस्थानातले बगरू आणि सांगानेर, कच्छचे अजरख. २००१च्या भूकंपानंतर कच्छमधल्याच धमडका गावच्या, अजरख छापणाऱ्या खत्री कारागिरांनी अजरखपूर हे नवे गाव वसवले.

• मिरजेची वाद्ये : मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांचा भोपळा नाजूक, म्हणून गवसणीत तिथे जाड थर हवा.

• शिवण्याआधी : कापड धुऊन घ्यावे, आटायचे ते आटते, सुटा रंग निघतो. अस्तर मऊ, बिनरंगी सुती असावे. मध्ये कापसाचा थर भरावा.

• निगा : ओली गवसणी वाद्यावर चढवू नये. दमटपणाने तबला-पखवाजाचे चामडे सैल पडते, सूर उतरतो. गवसणी सावलीत वाळवावी, रंग टिकतो.