दुखत नाही, म्हणूनच पाहा!

दुखण्याला आपण सारेच भितो. पण न दुखण्याचीही धास्ती बाळगावी लागते, हे मला आमच्या अण्णांच्या पायाने शिकवले.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. मधुमेह २० वर्षांचा. उपाशीपोटीची साखर २००च्या खाली क्वचितच. सकाळची गोळी चुकायची. पंगतीतली जिलबी मात्र कधी चुकली नाही. एकदा ते बाजारातून परतले आणि फरशीवर रक्ताचे ठसे उमटले. चपलेचा खिळा तळपायात रुतला होता, आणि त्याच चपलेने ते दोन तास हिंडले होते! "दुखत नाही, म्हणजे बरंच आहे की," म्हणत त्यांनी जखमेत हळद दाबली. आठवड्याभरात पाय सुजला, बोटे काळी पडली. दोन बोटे काढावी लागली. पाऊल वाचले, एवढेच.

साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की शरीरातल्या सर्वांत लांब नसांना आधी झळ लागते. त्या नसा पावलांच्या. आधी मुंग्या येतात, तळव्यांची आग होते; मग बधिरपणा. आग थांबली म्हणून रोगी खूश होतो, पण कधी कधी तीच धोक्याची खूण असते. घाम कमी झाल्याने कातडी कोरडी पडते, भेगा पडतात. त्यात रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या. जखमेला रक्त पुरत नाही आणि जंतूंना मोकळे रान मिळते. तंबाखू आणि विडी त्यात भरच घालतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. म्हणजे हे दुखणे परक्याच्या घरचे नाही. आणि आपण तर देवळात अनवाणी, तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालणारी माणसे.

उपाय साधे आहेत. रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा धरावा. पाय धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात. खोबरेल भेगांना लावावे, बेचक्यांत नको. गरम पाण्याच्या शेकाने बधिर पाय भाजतो, म्हणून शेक टाळावा. कुरूप ब्लेडने कापू नये. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवावा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पावलांची तपासणी करून घ्यावी; नायलॉनचा बारीक धागा टेकवून बधिरपणा कळतो, वेळही फारसा लागत नाही. जखम दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना. अर्थात, साखर आटोक्यात नसेल तर हे सारे अपुरेच.

आता अण्णांचे तळवे त्यांची सून रोज पाहते. आधी त्यांना फार संकोच वाटे. आजवर त्यांच्या पायांना हात लागले ते नमस्कारासाठी; तळवा उलटून कोणी पाहिला नव्हता. वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याची रीत आपण जपतोच. तळव्यांकडे पाहण्याचीही लावून घ्यायला हवी. "दुखतंय का?" एवढे विचारून भागणार नाही. दिवा लावून, चष्मा घालून, पाहावेच लागेल.