गल्ला भरला, पण उरलं किती?

छोट्या धंद्याची प्रगती मोजायचं सगळ्यात सोपं माप म्हणजे गल्ला, आणि सगळ्यात फसवं मापही तेच. काउंटरवरचा साउंडबॉक्स दिवसभर ‘पैसे जमा झाले’ म्हणत राहिला की मालकाला रात्री झोप चांगली लागते. ती झोप वाईट नाही, पण जमा झालेला प्रत्येक रुपया आपला नसतो. त्यात किराणावाल्याचे पैसे असतात. पुढच्या आठवड्यातल्या ऑर्डरचा ॲडव्हान्स असतो, म्हणजे माल पोचेपर्यंत ते खरं तर गिऱ्हाइकाचं देणंच. जीएसटी लागू असेल तर त्याचाही हिस्सा असतो, आणि तो आपल्याकडे फक्त मुक्कामाला आलेला असतो. जुने व्यापारी रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या ठेवत ते काही हौसेनं नाही. आज काय आलं-गेलं ते एका वहीत, कोणाचं किती येणं-देणं ते दुसऱ्या वहीत. आता सगळं एकाच मोबाइलच्या एकाच खात्यात येतं. घरातलं वाणसामान, मुलाची फी आणि बेसनाचं बिल त्यातूनच जातं आणि महिनाअखेरीला ‘धंदा बरा चाललाय’ एवढंच सांगता येतं.

घरगुती फराळ, पापड, मसाले, पोळी-भाजी केंद्र या धंद्यांत असे समज फार पक्के रुजलेले आहेत. त्यांतले काही निरुपद्रवी आहेत, काही मात्र वर्षानुवर्षं फुकट राबवतात.

‘घरच्या माणसांचा कसला खर्च?’

हा त्यातला सगळ्यात महागडा समज. भाजणीच्या चकलीचं उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे वेगळे असतील. समजा, किलोभर चकलीला भाजणी ११० रुपयांची, तेल, तीळ, ओवा, तिखट मिळून १०५ रुपये, गॅस २० आणि पिशवी-लेबल २०. एकूण २५५ रुपये. विक्रीची किंमत ४८०. म्हणजे किलोमागे २२५ रुपये सुटले. एवढ्यावरच बहुतेकांचा हिशेब थांबतो आणि ‘जवळजवळ निम्मा नफा’ असं वाक्य नातेवाइकांत फिरू लागतं.

आता मेहनत धरू. धान्य भाजणं, दळून आणणं, उकड काढणं, मळणं, पाडणं, तळणं, गार झाल्यावर भरणं हे सगळं मिळून किलोमागे दीड तास धरला आणि तासाला १०० रुपये लावले, तर १५० रुपये मजुरी झाली. उरले ७५. हा खरा नफा. तो वाईट नाही, उलट चांगलाच आहे. पण २२५ आणि ७५ यांत जे अंतर आहे ते घरातल्या बाईच्या मनगटातून आलेलं असतं आणि वहीत कुठेच दिसत नाही. उद्या तिचा हात दुखावला किंवा सुनेला नोकरी लागली की बाहेरून बाई लावावी लागते आणि ‘नफा’ एकाएकी गायब होतो. तो तेव्हा गेलेला नसतो. तो आधीही नव्हताच.

पुढचा समज याच हिशेबातून निघतो. ‘आपला माल मोठ्या दुकानात लागला’ ही बातमी आपल्याकडे पेढे वाटून साजरी होते. दुकानदार वीस टक्के ठेवून घेणार असेल तर ४८० च्या चकलीचे तुमच्या हातात ३८४ येतात. त्यातून २५५ चा खर्च गेला, राहिले १२९, आणि मजुरी तर १५० आहे. म्हणजे किलोमागे २१ रुपये पदरचे घालून आपण दुकान सजवतो आहोत. महिन्याला दहा किलो जात होती तेव्हा तोटा २१० होता, शंभर किलो जाऊ लागली की २,१०० होतो. विक्री दहापट झाली आणि तोटाही दहापट. दुकानात माल देऊच नये, असं याचं तात्पर्य काढू नका. दुकानासाठी वेगळी किंमत, वेगळं वजन किंवा वेगळा पदार्थ लागेल, इतकंच. पण हे कळायला एकेका पदार्थाचा आणि विक्रीच्या एकेका वाटेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. सगळ्याची मिळून एक बेरीज केली की फायद्याचा चिवडा तोट्याच्या चकलीला पाठीशी घालतो.

‘गेल्या ऑक्टोबरपेक्षा विक्री पडली’

ही तक्रार ऐकली की आधी पंचांग उघडावं. आपले सण चांद्रमासावर चालतात आणि चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं. त्यामुळे सण दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, त्यामुळे फराळाची सगळी विक्री ऑक्टोबरच्या खात्यात पडली. २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. ऐन फराळाची धांदल म्हणजे ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आणि नोव्हेंबरचा पहिला. ऑक्टोबरशी ऑक्टोबर ताडून पाहणाऱ्याला धंदा बसला असं वाटेल, नोव्हेंबरशी नोव्हेंबर ताडणाऱ्याला तो आभाळाला भिडला असं वाटेल. दोघंही चुकलेले असतील.

उकडीच्या मोदकांचंही तसंच. गणेशचतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. या धंद्यात इंग्रजी महिन्यांची तुलना करणं म्हणजे दिशाभूलच. तुलना करायची ती ‘चतुर्थीआधीचे पंधरा दिवस’ विरुद्ध ‘चतुर्थीआधीचे पंधरा दिवस’ अशी.

अनारशांचा हिशेब तर आणखी गमतीचा आहे. अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात, जावयाला तेहेतीस अनारसे द्यायची पद्धत आहे. त्या महिन्यात अनारसे करणारीला मान वर करायला फुरसत नसते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षांत अधिक महिना नाही, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. २०२३ ची विक्री पाहून कुणी २०२४ साठी तांदूळ भिजवायची मोठी पातेली घेतली असतील, तर ती माळ्यावर गेली असणार. २०२४ मधली घट हे अपयश नव्हतं, ते पंचांग होतं. उलट २०२६ मधली वाढ पाहून स्वतःची पाठ थोपटून घेण्यातही अर्थ नाही. शिवाय अधिक महिन्यात लग्नं होत नाहीत, म्हणजे रुखवताचं काम घेणाऱ्यांचा मे महिना त्या वर्षी अर्धाच.

टक्क्यांचाही एक चकवा इथेच सांगून टाकतो. विक्री तीस टक्क्यांनी पडली आणि पुढच्या वर्षी तीस टक्क्यांनी वाढली, तर भरपाई झाली असं बरेच जण धरून चालतात. शंभराचे सत्तर झाले आणि सत्तरावर तीस टक्के म्हणजे एक्क्याण्णव. पूर्वपदाला यायला जवळजवळ त्रेचाळीस टक्के वाढ लागते.

‘अपयश माणसाला शिकवतंच’

शिकवत असतं तर एकच चूक दोनदा कुणी केली नसती. अपयश फक्त घडतं. त्यातून शिकायचं तर नेमकं काय, कधी आणि कशामुळे बिघडलं हे ताजं असतानाच लिहून ठेवावं लागतं. चार महिन्यांनी आठवण ‘तेव्हा बाजारच मंद होता’ एवढंच सांगते. आठवणीला मालकाची बाजू घ्यायची सवय असते.

लिज्जत पापडची सुरुवात यासाठी बघण्यासारखी आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. मग पावसाळा आला आणि पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. नवख्या धंद्याला पहिल्याच वर्षी चार महिन्यांची सुट्टी म्हणजे मोठाच फटका. पण त्या बायकांनी त्याचा अर्थ ‘आपल्या नशिबात धंदा नाही’ असाही लावला नाही आणि ‘आणखी जोमानं काम करू’ असाही नाही. अडचण वाळवण्याची होती, तर उपायही वाळवण्याचाच शोधला. दुसऱ्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसाळ्यातही काम चालू राहिलं.

लिज्जतची ही बाजू व्याख्यानांतून सांगितली जाते. कमी सांगितलं जातं ते हे की पुढे त्या संस्थेनं आगपेट्या, उदबत्त्या आणि चामड्याच्या वस्तू हेही करून पाहिलं आणि ते चाललं नाही. पापड, मसाले, पीठ चालू राहिलं. माझ्या मते यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त कामाची आहे. काही फटक्यांवर खाट-स्टोव्ह हा उपाय असतो आणि काहींवर ते काम सोडून देणं हाच. कोणता फटका कोणत्या जातीचा हे जिद्दीनं ठरत नाही, कारणं तपासून ठरतं.

कधी मालात खोट नसते आणि गिऱ्हाइकातही नसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर केले तेव्हा लोखंडानं जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. विक्रीचा आकडा तेवढाच पाहिला असता तर नांगर टाकाऊ ठरला असता. अडथळा भीतीचा होता आणि तिच्यावर शेतात चालवून दाखवलेला नांगर हाच इलाज.

चकलीच्या पातळीवर कारणं शोधायचं हेच काम बॅच नंबर करतो. पाकिटावर तो छापणं अन्नसुरक्षेच्या नियमांत आहेच, पण बहुतेक घरगुती उद्योजक तो इन्स्पेक्टरसाठी छापतात. खरा उपयोग वहीत आहे. कोणत्या बॅचला कोणती भाजणी, मोहन किती, तेल नवं की आदल्या दिवशीचं, तळण कुणी केलं, एवढ्या चार गोष्टी लिहिल्या तर ‘चकली मऊ पडली’ ही तक्रार आली की उलट शोधत जाता येतं. तेलात विरघळली तर मोहन जास्त, दातांनी तुटेना तर कमी, दोन दिवसांत मऊ पडली तर आत कच्ची राहिली किंवा गार होण्याआधीच पिशवी बंद केली. खवट वास येत असेल तर तेलाकडे बघा. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं साठत जातात आणि त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा नियम जुलै २०१८ पासून देशभर आहे. वही नसेल तर यातलं काही हाती लागत नाही आणि सगळं खापर ‘या वेळी हरभराडाळच बरी नव्हती’ यावर फुटतं.

‘दहातले नऊ धंदे बुडतातच’

उद्योजकतेच्या शिबिरांत हा आकडा हमखास येतो. घाबरवायला आणि धंदा बसल्यावर सांत्वन करायला तो सारखाच उपयोगी पडतो. अमेरिकेचा कामगार सांख्यिकी विभाग नव्या व्यवसायांची वर्षानुवर्षं नोंद ठेवतो. तिथे पहिल्या वर्षात साधारण पाचातला एक बंद होतो, पाच वर्षांनी निम्मे आणि दहा वर्षांनी सुमारे एक तृतीयांश चालू असतात. आणि बंद होणं म्हणजे प्रत्येक वेळी बुडणं नसतं. कुणी निवृत्त होतं, कुणी धंदा विकून टाकतं, कुणाला चांगली नोकरी लागते.

‘उधारी म्हणजे विक्रीच’

कागदावर हो, गल्ल्यात नाही. नफ्यात असलेले धंदेही पैशाअभावी बंद पडतात, कारण तेलवाला रोख मागतो आणि कंपनीचं कँटीन तीन महिन्यांनी बिल काढतं. म्हणून महिन्याची विक्री लिहिताना शेजारी ‘येणं किती, किती दिवसांचं’ हा रकाना हवाच. साठ दिवसांवर गेलेली उधारी लाल शाईनं लिहावी. दरमहा ती वाढत असेल तर विक्रीच्या आकड्याचा आनंद लांबणीवर टाकावा.

‘मोठ्या कंपनीपुढे आपलं काय चालणार’ हा या समजाचा धाकटा भाऊ. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानं नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला ठोस हक्क दिला आहे. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज. दाद मागायला राज्यात सुविधा परिषद आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र हा लाभ नाही. फराळ, मसाले, पापड स्वतः करणाऱ्यांना तो आहे, पण माल देण्याआधी उद्यम नोंदणी झालेली असावी. ती सरकारी पोर्टलवर आधार क्रमांकावर होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. त्यासाठी कुणी फी मागत असेल तर देऊ नका.