गेममधला आधुनिक भारत

'सिव्हिलायझेशन ७'मध्ये (२०२५) रेल्वे-कारखान्यांच्या आधुनिक युगात भारताच्या वाट्याला येतात मुघल, आणि त्यांची खास वास्तू म्हणजे लाल किल्ला! 'एज ऑफ एम्पायर्स ३'च्या 'एशियन डायनॅस्टीज'मध्येही (२००७) घुमट-कमानींचीच चलती. मराठे 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये (२००९) भेटतात, पण तिथला काळ अठरावं शतक.

आपलं खरं आधुनिक बांधकाम पाहायचं तर पेणकरपाड्यातल्या गेमरने कॉम्प्युटर बंद करावा, मीरा रोडहून लोकल पकडून चर्चगेटला उतरावं. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचं व्हिक्टोरियन गॉथिक. पश्चिमेला गोलसर सज्जांच्या आर्ट डेको इमारती. दोन्ही शैलींतल्या अशा ९४ इमारतींचा हा परिसर २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की दोन्ही युगं एकदम दिसतात.