नामाला 'वाय' जोडताना

इंग्रजी शब्दांचे लेखन म्हणजे निव्वळ पाठांतर, अशी समजूत अनेक पालकांच्या मनात दृढ आहे. ज्या घरातील पहिलीच पिढी इंग्रजी शिकत आहे, तेथे या समजुतीची भीती होते. म्हणून लहान नामांपासून विशेषणे घडविण्याचा एक नियम आम्ही येथे मांडत आहोत.

मराठीत 'लोकर'पासून 'लोकरी', 'धूर'पासून 'धुरकट', 'केस'पासून 'केसाळ' अशी विशेषणे होतात. इंग्रजीत हे कार्य अनेकदा 'वाय' हे अक्षर करते. प्राचीन इंग्रजीत हा प्रत्यय 'इग' असा लिहीत. जर्मन लेखनात तो आजही तसाच आढळतो. 'डस्ट' म्हणजे धूळ, 'डस्टी' म्हणजे धुळकट. 'रेन' म्हणजे पाऊस, 'रेनी' म्हणजे पावसाळी. येथे केवळ 'वाय' जोडणे पुरते. परंतु 'सन'चे 'सनी', 'मड'चे 'मडी', 'फॉग'चे 'फॉगी' करताना शेवटचे व्यंजन दोनदा लिहावे लागते. असे का?

इंग्रजीत एका स्वरानंतर एकच व्यंजन व पुन्हा स्वर आला, की पहिल्या स्वराचा उच्चार बहुधा लांबतो. शब्दाच्या शेवटी येणारा 'वाय' हाही स्वरच होय. 'टिन' या शब्दातील एकाच 'एन'पुढे 'वाय' लिहिला, तर 'टायनी', म्हणजे चिमुकला, हा निराळाच शब्द होतो. 'एन' दोनदा लिहिला, तरच 'टिनी', म्हणजे पत्र्यासारखा, हा शब्द मिळतो. ऱ्हस्व उच्चाराचे रक्षण हेच या द्वित्वाचे प्रयोजन आहे. 'डस्ट'च्या शेवटी मुळातच दोन व्यंजने आहेत आणि 'रेन'मध्ये दोन स्वराक्षरे आहेत. म्हणून तेथे द्वित्व होत नाही. 'स्मोक' आणि 'आइस' यांच्या अखेरचे अनुच्चारित 'ई' गळून 'स्मोकी' व 'आयसी' होते.

अर्थाबाबत मात्र सावध राहावे. 'स्किन' म्हणजे त्वचा, पण 'स्किनी' म्हणजे हाडकुळा. लाकडाच्या खुर्चीला 'वुडन' म्हणतात. 'वुडी' म्हणजे लाकडासारखे किंवा झाडीने भरलेले. अशा वेळी शब्दकोश उघडावा.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. मुलाने 'सनी' लिहिताना एकच 'एन' लिहिला, तर तो शब्द दहा वेळा लिहून घेण्यापूर्वी, तेथे दोन 'एन' का हवेत, हे त्याला विचारावे. उत्तर त्याला सांगता आले, तर 'मडी' आणि 'फॉगी' तो न घोकता लिहील.